घड्याळाचे हात, घड्याळाचे काटे

ताई, सप्रेम नमस्कार.

वय ४४. शाळा मराठी माध्यमातून झाली. आता नोकरी सांभाळून बाहेरून इंग्रजी साहित्यात एम. ए. करतोय. तिकडे ज्यांना लिटररी डिव्हायसेस म्हणतात, त्या अलंकारांची एक वही केली आहे. ६२ नावं, व्याख्यांसकट पाठ. पण अनोळखी उतारा समोर आला की एक तर काहीच दिसत नाही, नाहीतर जिथे तिथे अलंकारच दिसतात. मागच्या सराव परीक्षेत 'हँड्स ऑफ द क्लॉक' याला मी पर्सॉनिफिकेशन म्हटलं. घड्याळाला हात फुटले, म्हणजे चेतनगुणोक्तीच ना? सरांनी लाल रेघ मारली, कारण सांगितलं नाही. 'या अलंकाराने काय परिणाम साधला?' या प्रश्नाला मी दर वेळी 'त्यामुळे लेखन प्रभावी झाले' असं लिहितो आणि दर वेळी पाचपैकी एक मिळवतो. त्यात भर म्हणजे गरिबांच्या मुलांबद्दलचा स्विफ्टचा निबंध पहिल्यांदा वाचला, तो खरा मानला आणि दोन दिवस चिडून होतो. संपर्कवर्गातली पोरं हसली. सरांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, पण…

काय करू?

– वही घेऊन बसलेला

*

नमस्कार.

लाल रेघ बरोबर आहे. कारण न सांगता ती मारली, हे मात्र बरोबर नाही, कारण तुमची सगळी अडचण त्या एका उत्तरात सापडते.

इंग्रज माणूस 'हँड्स ऑफ द क्लॉक' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हात येत नाहीत. आपण घड्याळाचे काटे म्हणतो तेव्हा आपल्याला तरी कुठे काही टोचतं? कधी काळी इकडे कुणाला त्या टोकदार पट्ट्या काट्यांसारख्या दिसल्या असतील, तिकडे कुणाला खूण करणाऱ्या हातांसारख्या. दोन्ही रूपकंच होती. पण वापरून वापरून गुळगुळीत झाली आणि आता ती त्या पट्ट्यांची साधी नावं आहेत. इंग्रजीत अशाला डेड मेटाफर म्हणतात, म्हणजे मेलेलं रूपक. सुईला तिकडे डोळा असतो, आपल्याकडे नेढं. टेबलाला दोन्हीकडे पाय आहेत आणि ते कुणालाच चालताना दिसत नाहीत.

परक्या भाषेत वाचताना गंमत अशी होते की ही मेलेली रूपकं आपल्याला टुणटुणीत दिसतात, कारण आपली त्यांच्याशी पहिलीच भेट असते. आणि लेखकाने मुद्दाम घडवलेलं, अगदी ताजं रूपक समोर आलं तर आपण 'असेल बुवा, इंग्रजीत असंच म्हणत असतील' असं मनाशी म्हणून पुढे जातो. काहीच दिसत नाही आणि सगळीकडेच दिसतात, या तुमच्या दोन तक्रारी खरं तर एकाच दुखण्याच्या आहेत.

म्हणून पेन्सिल टेकवण्याआधी स्वतःला एक विचारा: लेखकाला हे दुसऱ्या साध्या शब्दांत म्हणता आलं असतं का? घड्याळाच्या त्या पट्ट्यांना रोजच्या इंग्रजीत हात सोडून दुसरा शब्द नाही. निवडच नव्हती, तर अलंकार कुठला? शंका आली की जाडजूड शब्दकोश उघडा. तो अर्थ तिथे स्वतंत्र आकडा देऊन, मुकाट्याने छापलेला असेल, तर रूपक मेलंय असं समजून पुढे जा.

पुढे जा म्हटलं खरं, पण मेलेलं रूपक उठूनही बसतं. उदाहरण तुमच्याच शब्दाचं घेऊ.

डिकन्सची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी १८५४ची. कोकटाउन नावाचं गिरण्यांचं काल्पनिक शहर. गिरणी कामगारांना त्या काळी सर्रास 'हँड्स' म्हणत. इतके हात कामावर आहेत, इतके हात कमी करा. घड्याळाच्या हातांइतकाच थंड झालेला शब्द. डिकन्स तो मोठ्या लिपीतला एच देऊन लिहितो आणि वर म्हणतो की, या जमातीला देवाने नुसते हातच दिले असते, किंवा समुद्रकाठच्या क्षुद्र जीवांसारखे नुसते हात आणि पोट दिलं असतं, तर काही लोकांना ती जास्त आवडली असती. बस. एका वाक्यात तो जुना शब्द डोळे उघडतो. माणसं नाहीशी झालेली आणि यंत्रांपुढे नुसते मनगटापासूनचे हात हलतायत, असं आपल्याला दिसायला लागतं. आणि मालकाला रोज तसंच दिसत होतं, हेही लक्षात येतं.

तुमच्या वहीत याचं नाव सिनेकडकी असं असेल. व्याख्या: भागावरून संपूर्णाचा बोध. ती पाठ असूनही पाचपैकी एक मिळतो, कारण व्याख्येत सगळ्यात मोलाचा प्रश्न नाही. कोणता भाग निवडला? घरात आपण 'खाणारी तोंडं सहा' म्हणतो. इंग्रज कप्तान संकटात डेकवर 'ऑल हँड्स' बोलावतो. माणूस तोच, पण घर चालवणाऱ्याला त्याचा खर्च मोजायचा आहे, म्हणून त्याला तोंड दिसतं. कप्तानाला दोर ओढून हवेत, त्याला हात दिसतात. निवडलेल्या अवयवावरून बोलणारा कुठे उभा आहे ते कळतं. तुमच्या उत्तरात हे आलं पाहिजे. 'लेखन प्रभावी झाले' हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांत तपासलं आहे की ते दिसलं की माझाही हात आपोआप एका गुणाकडे वळतो.

परिणामाच्या प्रश्नावर माझ्याकडे एकच उपाय आहे. तो मी अनुवाद करताना शिकले, वर्गात नाही. वाक्य सपाट करा. अलंकार काढून तेच वाक्य रुक्ष, कार्यालयीन भाषेत लिहा, मग दोन्ही शेजारी ठेवून पाहा की सपाट करताना काय गळालं. जे गळालं, तेच परिणामाचं उत्तर.

करून बघू. चर्चिल यांचं ४ जून १९४०चं, ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहातलं भाषण. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून, जर्मन फौजांच्या कोंडीतून, सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिक समुद्रमार्गे परत आणले गेले होते. सुटका मोठी होती, पण होती माघारच, आणि माघारीने युद्धं जिंकली जात नाहीत, हे त्यांनी त्याच भाषणात बजावलं. शेवटाकडे ती प्रसिद्ध ओळ येते: 'वी शॅल फाइट'. फ्रान्समध्ये लढू, समुद्रांवर लढू, हवेत लढू, मग आपल्या बेटाचं रक्षण करू, किनाऱ्यांवर लढू, उतरणतळांवर लढू, शेतांत आणि रस्त्यांत लढू, डोंगरांत लढू. 'वी शॅल फाइट' हे सात वेळा येतं. वाक्याच्या तोंडी तेच ते शब्द आणण्याला ॲनाफोरा म्हणतात, हे तुमच्या वहीत पहिल्याच पानावर असणार.

आता सपाट करा: 'आम्ही सर्व ठिकाणी लढू.' काय गळालं? जोर गळाला, असं तुम्ही लगेच म्हणाल. ते खरंच आहे, पण एवढ्यावर थांबलात तर दोन गुण. ठिकाणांचा क्रम पुन्हा वाचा. फ्रान्स, समुद्र, हवा, किनारा, रस्ते, डोंगर. हा क्रम आत आत येतोय! प्रत्येक 'लढू'बरोबर शत्रू एक पाऊल पुढे आला आहे. मला तरी ही ओळ अशीच ऐकू येते: आवाज ताठ आणि नकाशा मागे सरकणारा. इथवर हरण्याची शक्यता एकदाही न उच्चारता ती पायरीपायरीने ऐकणाऱ्यासमोर मांडली जाते, आणि प्रत्येक पायरीवर तेच तीन शब्द घट्ट उभे असतात. 'सर्व ठिकाणी' म्हटल्याबरोबर ही सगळी वाट पुसली जाते.

आणि सातव्यानंतर? साचा मोडतो. 'लढू' हा शब्दच जातो आणि येतं 'वी शॅल नेव्हर सरेंडर'. किनाऱ्यांपासून डोंगरांपर्यंतचे शब्द बघा, सगळे एका-दोन अक्षरांचे, मातीतले. त्यांच्या शेवटी तीन अक्षरांचा, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला 'सरेंडर'. परका शब्द नेमका शरणागतीसाठी राहिला, हे चर्चिल यांनी ठरवून केलं की त्यांच्या कानाने, हा वाद समीक्षकांनी घालत बसावा. तुम्ही इतकंच लिहा की पुनरुक्तीची सवय लावून ती शेवटी मोडली, म्हणून शेवटचा शब्द अंगावर येतो. ॲनाफोरा सापडला की तो कुठे तुटतो तेही शोधत जा. बहुतेक वेळा लेखकाला जे म्हणायचं असतं ते तिथेच असतं.

आता त्या वहीबद्दल. ६२ नावांतली अर्धीअधिक तुम्हाला लागणार नाहीत. आणि ज्यांची भीती वाटते त्यांतली बरीच नुसती ग्रीक आहेत म्हणून भीतिदायक आहेत. इंग्रजांनाही ती जड गेली होती. जॉर्ज पटनम नावाच्या गृहस्थांचा म्हणून ओळखला जाणारा काव्यशास्त्रावरचा ग्रंथ १५८९ साली निघाला, त्यात या ग्रीक नावांना घरगुती इंग्रजी नावं द्यायचा खटाटोप आहे. आयरनीला, म्हणजे उपरोधाला, 'ड्राय मॉक', म्हणजे कोरडी चेष्टा. हायपरबोलीला, म्हणजे अतिशयोक्तीला, 'लाउड लायर', मोठ्याने खोटं बोलणारा. ती नावं टिकली नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्याकडे मात्र एक सोय आहे. मेटाफर म्हणजे पलीकडे वाहून नेणं. त्यातल्या 'वाहण्या'चा ग्रीक धातू आणि आपला 'भार' एकाच कुळातले. झ्यूग्मा या भयंकर दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ जोखड, आणि आपलं बैलांच्या मानेवरचं 'जू' त्याचं सख्खं भावंड. एका क्रियापदाच्या जुवाला दोन विजोड गोष्टी जुंपायच्या, की झाला झ्यूग्मा. डिकन्सच्याच 'पिकविक पेपर्स'मध्ये पत्त्यांच्या डावात वैतागलेल्या एक बाई आसवांच्या पुरात आणि मेण्यात बसून थेट घरी जातात. दुःख आणि वाहन एका दावणीला! आता व्याख्या विसरायचं म्हटलं तरी जमणार नाही.

शाळेतलं अलंकारांचं व्याकरणही फेकू नका. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती ही शिडी आठवते? मुख कमळासारखं, मुख जणू कमळच, मुखकमळ, हे मुख नव्हेच तर कमळ. इंग्रजीत या शिडीच्या दोनच पायऱ्या: 'लाइक' किंवा 'ॲज' असलं की सिमिली, नसलं की मेटाफर. आपली चाळण बारीक आहे. उपमेय आणि उपमान हे शब्द तुम्ही बारा-तेरा वर्षांचे असताना शिकलात. इंग्रजी समीक्षेत त्यांच्या जोडीचे टेनर आणि व्हेइकल हे शब्द आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली रूढ केले. उताऱ्यात रूपक दिसलं की उपमेय-उपमान मराठीत लिहून काढा आणि उपमानाचे कोणते गुण उचलले, कोणते मुद्दाम टाकले ते पाहा. सत्तेला वादळ म्हटलं तर वादळ शमतं, हे लेखकाला हवंय की नकोय?

एक गोष्ट मात्र शाळेच्या यादीत नव्हती, आणि तिथे मराठी माध्यमाची मुलं हमखास अडखळतात. मेटॉनिमी. 'द क्राउन' म्हणजे राजसत्ता, 'डाउनिंग स्ट्रीट' म्हणजे ब्रिटनचं पंतप्रधान कार्यालय. सिनेकडकीत भाग घेतात, इथे शेजार घेतात: मुकुट राजाचा अवयव नाही, पण डोक्यावर असतो. आपल्या काव्यशास्त्रात हे अलंकारांत न येता लक्षणेत येतं, म्हणून यादीत सापडत नाही. दोन्हींतली सीमा इंग्रजीतले जाणकारही कधी कधी पुसट ठेवतात, तेव्हा तिच्यापायी झोप घालवू नका.

आवाजाच्या अलंकारांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अनुप्रास शोधताना डोळे मिटा, एवढंच. इंग्रजीत स्पेलिंग फसवतं: 'नाइफ' आणि रात्र या अर्थाचा 'नाइट' यांची सुरुवात लिहिताना वेगळी असली तरी त्यांचा अनुप्रास होतो, 'सिटी' आणि 'कॅट' एकाच अक्षराने सुरू होऊनही होत नाही. आणि जोर ज्या अक्षरावर पडतो तिथला आवाज मोजायचा.

आता स्विफ्ट. हसणाऱ्या पोरांना हसू द्या. 'अ मॉडेस्ट प्रपोजल' हा तो निबंध १७२९ साली निनावी निघाला. आयर्लंडच्या गरिबीवर उपाय सुचवणारा एक सज्जन दरवर्षी जन्मणाऱ्या १ लाख २० हजार गरीब बालकांचा हिशोब मांडतो: २० हजार पैदाशीसाठी राखावीत, उरलेली १ लाख वर्षाची झाली की सधनांच्या जेवणासाठी विकावीत. तुम्ही दोन दिवस चिडलात. स्विफ्टला कुणी तरी चिडायलाच हवं होतं. तुमचा राग फक्त त्या निवेदकाच्या पलीकडे जाऊन भूक पाहूनही स्वस्थ बसलेल्यांपर्यंत पोचला नाही.

बोलण्यातली आयरनी आपल्याला शिकवावी लागत नाही. 'वा, काय दिवे लावलेत!' हे ऐकून कुणी दिवे शोधत नाही, कारण सूर ऐकू येतो. कागदावर सूर नसतो, म्हणून तिथे विसंगती शोधायची: विषय आणि आवाज यांच्यातली. मुलांचे जीव आणि गुरांच्या बाजारातली आकडेमोड यांचं जमत नाही. शीर्षकात त्या प्रस्तावाला 'मॉडेस्ट' म्हटलंय, म्हणजे माफक, विनम्र. जिथे आवाज विषयाला शोभत नाही, तिथे थांबून विचारा की हे बोलतंय कोण. लेखक आणि निवेदक एकच, असं धरून चालण्याची सवय आपल्याला पाठ्यपुस्तकांनी लावली आहे.

उलट्या टोकाला लायटोटीज: नकार देऊन होकार. 'तो काही कमी नाही' म्हणताना आपण हेच करतो. तरीही मी यात सपशेल आपटले आहे. अनुवाद करायला लागले त्या दिवसांत एका कथेतल्या गृहस्थांबद्दल 'नॉट अ लिटल अनॉइड' असं होतं. मी लिहिलं, 'ते जराही चिडले नव्हते.' पुढच्या परिच्छेदात ते काठी आपटत होते, आणि मी ती काठीही निमूटपणे अनुवादित केली. त्याचा अर्थ होता, ते चांगलेच चिडले होते. नकार दिसला की त्याच्या शेजारच्या शब्दाकडे आणि पुढच्या दोन ओळींतल्या वागण्याकडे पाहायचं, हे मला त्या काठीने शिकवलं.

परीक्षेपुरतं सांगते. उतारा पहिल्यांदा वाचताना पेन्सिल खाली ठेवा. दुसऱ्यांदा वाचताना जिथे वाक्य साध्या वाटेवरून वळलं तिथे खूण करा, नाव आठवो न आठवो. तीन जागा पुरेत. प्रत्येकीचं सपाट वाक्य कच्च्या पानावर लिहा, काय गळालं ते लिहा, आणि सगळ्यात शेवटी नाव. नाव आठवलं नाही तर 'इथे लेखक नकाराने होकार सुचवतो' असं सरळ लिहा. शहाणा परीक्षक त्याचे गुण कापत नाही. वहीतली नावं वीसपर्यंत आणा आणि प्रत्येकासमोर व्याख्या खोडून स्वतः वाचताना सापडलेलं एक वाक्य लिहा. पुस्तकातलं तयार उदाहरण नको.

एक अलंकार मात्र वीसमध्ये ठेवाच: पॅरालिप्सिस. बोलणार नाही म्हणत बोलणं. स्विफ्टच्या निबंधात शेवटाकडे तो निवेदक म्हणतो, दुसरे उपाय कुणी मला सांगू नयेत, आणि मग ते एकेक करून मोजून दाखवतो: देशाबाहेर राहून इथलं उत्पन्न खाणाऱ्यांवर कर लावणं, देशात बनलेला मालच वापरणं, आणि असे कितीतरी. स्विफ्टचे खरे उपाय तेच होते. 'हे नकोच' म्हणून जे झटकलं, त्यातच सगळा निबंध आहे. पुन्हा वाचाल तेव्हा तिथून सुरुवात करा.

याचं स्वतः सापडलेलं उदाहरण तुम्हाला शोधत बसायला नको. तुमच्या पत्रात 'सरांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, पण' असं एक वाक्य आहे, आणि त्या 'पण'नंतर दीड पान. ते मी इथे छापलेलं नाही.